पुण्याच्या कडेला फ्लॅट की कोल्हापुरात घर?

कोथरूड, डेक्कन, सहकारनगर अशा जुन्या पुण्यात घर घेणं ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी ही तुलना नाही. बहुतेकांपुढचा पेच वेगळा असतो. हातातल्या पैशांत वाघोली, मांजरी, उंड्री, धायरी किंवा सूस या पट्ट्यात फ्लॅट बसतो. तेवढ्याच पैशांत कोल्हापुरात जवाहरनगर, सम्राटनगर, सानेगुरुजी वसाहत अशा भागात, शहराच्या हद्दीत घर मिळू शकतं. म्हणजे मोठ्या शहराची कड की मध्यम शहराचा गाभा, असा हा प्रश्न आहे. मी कोल्हापूर निवडलं. तुमची नोकरी, घरातल्यांची वयं आणि आजारपणं वेगळी असतील, तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

आधी पुण्याची बाजू, कारण ती भक्कम आहे. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी असतील आणि त्यातलं एक जण आयटीत, औषध संशोधनात किंवा मोठ्या कंपनीच्या वित्त विभागात असेल, तर कोल्हापुरात त्याच कामाचा दुसरा मालक सापडणं अवघड. पुण्यात नोकरी गेली तर घर न बदलता दुसरी शोधता येते. कोल्हापुरात काम आहे, पण ते विशिष्ट आहे: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने), मशिन शॉप, त्यांना लागणारे पॅटर्न बनवणारे आणि गुणवत्ता तपासणारे लोक, शिवाय दूध, साखर, शेजारच्या इचलकरंजीतलं कापड. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं, प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला इथे काम शोधत फिरावं लागत नाही. वकिलांचं गणित तर नुकतंच बदललं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांच्या मुंबईच्या फेऱ्या कमी झाल्या.

कोल्हापुरात घरून काम करणार असाल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रॉडबँड घ्या आणि दोघांच्या केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, एवढं स्वतः बघा. जूनच्या वाऱ्यात फांदी पडली की एका खांबावरचं सगळं एकदम जातं.

दवाखान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. हृदय, हाडं, बाळंतपण, डायलिसिस हे सगळं कोल्हापुरात होतं. अवघड अवयव प्रत्यारोपण किंवा लहान मुलांचे दुर्मीळ आजार यांसाठी बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते. असा रुग्ण घरात असेल तर पुढचं वाचण्याआधीच पुण्याकडे झुका. मुलांच्या शाळेत फारसा फरक पडत नाही. बारावीनंतर मात्र कोल्हापूरची बरीच मुलं बाहेर पडतात. तो खर्च आजच्या हिशेबात धरून ठेवा.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकवलं ती. पुण्याच्या कडेचं पाणी.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. हद्द कागदावर एका दिवसात बदलते. जलवाहिनी, साठवण टाक्या आणि पंपिंगला वर्षं लागतात. मधल्या काळात इमारती मात्र उभ्या राहतात. अशा भागात बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. सोसायटी स्थापन झाली, ताबा दिला गेला, की ही जबाबदारी हळूहळू मेंटेनन्सच्या बिलात उतरते. हमीपत्र राहतं फाइलमध्ये आणि टँकरवाल्याला पैसे रहिवासी देतात.

हिशेब साधा आहे. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा रूढ निकष. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज १,०८,००० लिटर. नळाने आणि बोअरने मिळून ४०,००० लिटर आले असं धरू. उरलेल्या ६८,००० लिटरसाठी १०,००० लिटरचे सात टँकर रोज लागतात. दर हजार रुपये धरला तर महिन्याला २,१०,००० रुपये, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे १,०५० रुपये. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात, टँकरच्या खेपा वाढतात आणि नेमका तेव्हाच दरही चढतो. त्यात एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी शहराचं पाणी बंद असलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायट्या एकाच टँकरवाल्याला फोन करत असतात.

पैसे भरून सुटका होत असती तर मी एवढं लिहिलं नसतं. त्रास आहे तो पाण्याच्या भरवशाचा आणि गुणवत्तेचा. टँकर कुठल्या विहिरीवर किंवा बोअरवर भरला, हे दारावरच्या सुरक्षारक्षकाला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. बोअरचं पाणी यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. शॉवरची भोकं बुजतात. वॉशिंग मशिनमध्ये साबण जास्त लागतो आणि कपडे तरी खरखरीत निघतात. सोसायट्या सॉफ्टनर बसवतात. त्याने कठीणपणा कमी होतो, पण विरघळलेले क्षार एकूण तेवढेच राहतात आणि जंतू तर मुळीच जात नाहीत. शिवाय त्याला ठरावीक दिवसांनी मीठ घालून धुवावं लागतं आणि त्या धुण्यात पाणी वाया जातं. मीठ टाकायला विसरलं की सॉफ्टनर असून नसल्यासारखा, आणि ते कुणाच्या लक्षात येतं तेव्हा महिना उलटलेला असतो. जंतूंसाठी क्लोरीनच हवं. नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ते तपासायचा छोटा संच बाजारात मिळतो, पण टँकर उतरताना तो वापरणारी सोसायटी माझ्या पाहण्यात फार कमी.

पुण्याच्या कडेला फ्लॅट बघायला जाल तेव्हा सदनिकेच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात बसा आणि चार गोष्टी मागा. गेल्या बारा महिन्यांची टँकरची बिलं, महिनावार. महापालिकेची नळजोडणी सोसायटीच्या नावावर आहे का आणि ती किती इंची आहे. जमिनीखालच्या टाकीची क्षमता. वरच्या उदाहरणात ती दीड लाख लिटरच्या खाली असेल तर एक दिवस टँकर आले नाहीत तर धावपळ ठरलेली. आणि ते हमीपत्र, त्याची प्रत. मे महिन्याचं बिल दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजा.

कोल्हापुरात पाण्याचं दुखणं नाही असं नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, आणि तेव्हापासूनही पंप किंवा वीजपुरवठा बिघडला की शहराच्या काही भागांत नळ कोरडे पडतात. फरक इतकाच की अशा बिघाडाची तरतूद घरातल्या घरात करता येते. चार माणसांना दिवसाला ५४० लिटर लागतं. गच्चीवर हजार लिटर आणि खाली दोन हजार लिटरची टाकी असली तर काटकसरीने पाच-सहा दिवस निघतात. नदीचं, धरणाचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी असल्याने गीझर वर्षानुवर्षं चालतो. मला विचाराल तर रोजच्या जगण्यात हा फरक पगारातल्या बऱ्याच तफावतीला पुरून उरतो.

मात्र हे हद्दीच्या आतल्या घराबद्दल. १९७२ साली महापालिका झाली, त्यानंतर कोल्हापूरची हद्द वाढली नाही. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा इथे उभं राहिलं तर शहरातच आहोत असं वाटतं, पण कारभार ग्रामपंचायतीचा, बांधकाम परवानगी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची आणि पाण्याची योजना वेगळी. तिथे घर घेणार असाल तर पुण्यात विचारायचे चारही प्रश्न इथेही विचारा. कड ही कडच असते, शहर कुठलंही असो.

कोल्हापूरची मोठी उणीव म्हणजे पूर. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि ‘पाणी किती फुटांवर?’ हे जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या प्रत्येक घरात बोललं जातं. नदी पात्राबाहेर पडली की जयंती नाल्यात उलटं पाणी चढतं, त्यामुळे नदीपासून लांब वाटणारी शाहूपुरी, नागाळा पार्कातली काही घरंही पाण्यात जातात. त्याच वेळी उपसा केंद्रं बुडाली तर चोहीकडे पाणी आणि नळ बंद, अशी अवस्था होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्याचा रस्ता तुटतो. पेट्रोल, गॅस, भाजी सगळं काही दिवस अडतं.

तरी पुराची एक गोष्ट टँकरपेक्षा बरी: तो कुठे येतो हे माहीत आहे. नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषा बघायला मिळते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडा. मग त्या गल्लीत जाऊन दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा की २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं. लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. अपार्टमेंट असेल तर वीजमीटरची पेटी, लिफ्टचा खड्डा आणि पाण्याची तळटाकी त्या खुणेच्या वर आहे की खाली, ते बघा. तळटाकीत पुराचं पाणी शिरलं तर उपसून, धुऊन, क्लोरीन घालून ती पुन्हा वापरात यायला आठवडा जातो.

फिरण्याच्या वेळेबाबत कोल्हापूर उजवं, पण त्याला एक अट आहे. राजारामपुरीतून रंकाळा, विद्यापीठ किंवा गोकुळ शिरगाव, कुठेही दुचाकीवर साधारण अर्ध्या तासात पोचता येतं आणि निघताना पोचण्याची वेळ सांगता येते. दुचाकी चालवता येत नाही अशा माणसाची मात्र अडचण होते. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बस कमी, काही मार्गांवर फार वेळाने. म्हातारे आईवडील आणि शाळकरी मुलं रिक्षावर अवलंबून राहतात. पुण्यात मेट्रो पिंपरीहून स्वारगेटपर्यंत आणि वनाजहून रामवाडीपर्यंत धावते. घर स्थानकाजवळ असेल तर तिथला हा मोठा आधार आहे. कडेच्या बहुतेक वस्त्यांपासून स्थानक अजून लांबच आहे. कोल्हापुरात अंबाबाई मंदिराच्या आसपास, महाद्वार रोड-बिंदू चौक परिसरात घर घेऊ नका. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात स्वतःची गाडी दारात आणणं कठीण होतं.

वारंवार पुण्याला जावं लागणार असेल तर अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे हे विसरू नका. वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस, आणि मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरी आहे. महामार्गावर रुंदीकरणाची कामं चालू असली की बसला सहा तासही लागतात. महिन्यातून दोनदा ठीक, दर आठवड्याला नको.

सकाळी गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, मोसमात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने, ओळखीचा दुकानदार, हे सगळं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. पण त्यावर घर ठरवू नका. गणेश विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर आवाजाचाही विचार करा.

निर्णय होत नसेल तर आधी भाड्याने राहा. अकरा महिन्यांचा करार कोल्हापुरात जूनपासून करा, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच पूर, वीज आणि रस्ता तिन्ही दिसतील. पुण्याच्या कडेला करायचा असेल तर तो मार्चपासून करा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकीचं झाकण उघडून बघा.