ओएचएल की ओजेएचएल? सोळाव्या वर्षी पोराला कुठे खेळवायचं

पोरगा आइस हॉकीत ट्रिपल ए (मुलांच्या हॉकीची सगळ्यात वरची पातळी) खेळतोय, ओएचएलच्या (ओंटारिओ हॉकी लीग, इथली वरची ज्युनियर लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने पोरं निवडतात त्यात, मधल्या कुठल्यातरी राउंडला नाव लागलंय आणि तेवढ्यात जवळच्या ओजेएचएल (ओंटारिओ ज्युनियर हॉकी लीग, एक पायरी खालची 'ज्युनियर ए' लीग) टीमच्या कोचचाही फोन आलाय. टोरोंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टन-मिल्टनकडच्या ज्या मराठी घरांत सध्या हे चालू असेल त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आधी जुनं गणित डोक्यातून काढा. इतकी वर्षं सरळ हिशोब होता, ओएचएलमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, कारण एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना, त्या पोरांना प्रोफेशनल धरायची, म्हणून ज्यांना डिग्री हवी होती ते आपल्या मुलांना ज्युनियर ए मध्येच ठेवायचे आणि ते काही चुकीचं नव्हतं, झॅक हायमन हॅमिल्टनच्या ओजेएचएल टीममधून मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथून पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलवाले पण कॉलेजला खेळू शकतात. गॅविन मॅकेना ओएचएलच्याच तोडीच्या पश्चिमेकडच्या लीगमधली मेडिसिन हॅट ही टीम सोडून पेन स्टेट युनिव्हर्सिटीला गेला तो याच दारातून.

यात ओजेएचएलचा हुकमाचा पत्ताच गेला, आणि वर एक त्रास असा की कॉलेजच्या जागा काही दुप्पट झाल्या नाहीत. कोचला ओएचएलमध्ये तीन सीझन रगडलेला पोरगा मिळत असेल तर तो ज्युनियर ए मधल्याला कशाला घेईल? म्हणजे 'ओजेएचएल खेळलं की कॉलेज पक्कं' असं अजून कोणी सांगत असेल तर चहा पाजा आणि विषय बदला.

आता सीझन प्रत्यक्षात कसा जातो ते बघा. ओएचएलमध्ये २० टीम, प्रत्येकीच्या ६८ मॅचेस, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत आणि नंतर प्लेऑफ. टीम पार सू सेंट मरीपासून ऑटावापर्यंत पसरलेल्या, या दोन गावांतलंच अंतर ८०० किलोमीटरच्या आसपास, शिवाय मिशिगनमध्ये दोन आणि पेन्सिल्वेनियात एक. गुरुवारी रात्री मॅच, मग बस, पहाटे बिलेटच्या घरी आणि सकाळी अकरावीचा केमिस्ट्रीचा पेपर, हे सगळ्यांना झेपत नाही. बिलेट म्हणजे टीमने ठरवून दिलेलं यजमान कुटुंब, ती माणसं बहुतेकदा चांगलीच असतात, पण घरी अंडंही चालत नसेल तर ते पहिल्या फोनवरच सांगा, नंतर नको. ओएचएलमधली स्टीलहेड्स टीम, ते २०२४ पासून ब्रॅम्प्टनला आलेत, त्यांनीच उचललं असेल तर पोरगा घरून खेळेल, पण ड्राफ्टमध्ये तुम्हाला कोण विचारतो!

ओजेएचएलला मॅचेस पन्नासच्या थोड्या वर, जास्त करून दक्षिण ओंटारिओतच, ट्रेंटन किंवा वेलिंग्टनसारख्या लांबच्या गावाहूनही बहुतेकदा रात्री आपल्याच अंथरुणात परत. शाळा तीच राहते, मित्रही तेच.

पैशाचं मात्र उलटं आहे. ओएचएलमध्ये राहणं, प्रवास, स्टिक्स सगळं टीमचं, वर थोडा हातखर्च आणि मुख्य म्हणजे स्कूल पॅकेज, खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे कॉलेजच्या एका वर्षाची फी आणि पुस्तकं. फक्त ते ठराविक मुदतीत वापरावं लागतं आणि एनएचएलचा करार झाला की अटी बदलतात, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. ओजेएचएलमध्ये बऱ्याच टीम उलट तुमच्याकडूनच सीझनची फी घेतात, हजारो डॉलर, आणि स्केट्स-स्टिकचा खर्च बरेचदा त्याहून वेगळा.

एवढं वाचून ओएचएलच बरं वाटेल, पण थांबा, आइस टाइमचं, म्हणजे पोरगा बर्फावर किती वेळ खेळतो त्याचं, कोणी बोलतच नाही. सोळा वर्षांचा मधल्या राउंडचा पोरगा तिथे एकोणीस-वीसच्या दांडग्या पोरांसमोर चौथ्या लाईनला (सगळ्यात कमी खेळणाऱ्या फॉरवर्ड्सच्या गटात) जातो, रात्री सहा-सात मिनिटं, पॉवर प्ले (समोरच्यांचा खेळाडू शिक्षेवर असतानाचा खेळ) विसरा, आणि काही आठवडे तर हेल्दी स्क्रॅच, म्हणजे दुखापत नसूनही मॅचमधून वगळलेला, म्हणून सूट घालून वर स्टँडमध्ये बसतो. तोच पोरगा ओजेएचएलमध्ये दुसऱ्या लाईनला अठरा मिनिटं खेळेल, चुका करेल, तरी परत बर्फावर पाठवला जाईल. या वयात खेळ बर्फावर राहूनच वाढतो असं माझं ठाम मत.

दुसरी गोष्ट ट्रेडची, म्हणजे टीम आपापसांत खेळाडू बदलतात त्याची. जानेवारीच्या सुरुवातीला ओएचएलची ट्रेड डेडलाईन असते, आणि बारावीच्या ऐन मध्यावर पोरगा किंग्स्टनहून विंडसरला गेला असं होऊ शकतं, नवी शाळा, नवं बिलेट, परत सगळं पहिल्यापासून.

मला विचाराल तर पहिल्या-दुसऱ्या राउंडला निवड झाली असेल आणि कोच तोंडावर सांगत असेल की पहिल्या वर्षापासून रोज खेळवणार, तर जाऊ द्या, अडवू नका. त्याखाली असेल तर सोळावं वर्ष ओजेएचएलला काढा, त्याचे हक्क त्या ओएचएल टीमकडेच राहतात, सतराव्या वर्षी अंगात जोर आल्यावर त्यांच्या ट्रेनिंग कॅम्पला परत जाता येतं. डिग्री हाच एकमेव हेतू असेल तरी आता ओएचएल टाळायचं कारण उरलेलं नाही, फक्त घाई नको.

गोलीची (गोलरक्षकाची) गोष्ट वेगळी. टीममध्ये दोनच गोली आणि त्यातला एक बहुतेक मॅचेस खेळतो, तेव्हा पोरगा गोली असेल तर राउंड कुठलाही असो, आधी त्यांचा पहिला गोली किती वर्षांचा आहे ते बघा, अठराचा असेल तर सरळ ओजेएचएल.