इंग्रजीच्या क्लासची ‘फी’ म्हणून माझ्या नावावर कर्ज काढलं

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन क्लासने ‘फी हप्त्याने भरा’ असं सांगून माझ्या नावावर कर्ज काढलं. क्लास बंद पडला, हप्ते चालूच आहेत. अशाच जाहिराती रोज नव्या नावाने फिरताना दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

इचलकरंजीत कापड निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी हिशेब बघते. ईमेलपुरतं इंग्रजी येतं, पण परदेशी गिऱ्हाइकाचा फोन आला की दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. ‘नेटिव्ह स्पीकरकडून शिका’, म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाकडून, ही जाहिरात पाहून मी मोफत डेमोला बसले. लंडनचे म्हणवणारे एक गोरे गृहस्थ, बोलणं सावकाश आणि गोड. मध्येच त्यांचा फोन वाजला, ‘सॉरी’ म्हणून त्यांनी तो बंद केला. आमच्या प्रश्नांना उत्तरं मात्र चॅटमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या नावाने येत होती.

डेमो संपतो न संपतो तोच ‘काउन्सेलर’चा फोन. मराठीतून, अगदी आपुलकीने. “ताई, ही फी आज रात्रीपर्यंतच आहे. ४८,००० एकदम नका भरू, झिरो कॉस्ट ईएमआय करून देतो.” मग लिंक आली. पॅन, आधारचा ओटीपी, सेल्फी, बँक खातं. तो फोनवरच थांबून सांगत होता, “हा फक्त प्रवेशाचा फॉर्म आहे, पुढे पुढे ओके करत जा.” त्या ओकेंमध्ये एका फायनान्स कंपनीचा कर्जाचा करार होता आणि दरमहा खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगीही. करार वाचायला वेळच मिळू नये, यासाठीच तो फोनवर थांबला होता.

यातली खरी गोम अशी, की फायनान्स कंपनी सगळी रक्कम क्लासला लगेच देऊन टाकते. आपल्याला शिकवलं काय, न शिकवलं काय, त्यांचं काहीच अडत नाही. आपण मात्र कर्जदार. बँकेत जाऊन हप्ता थांबवला तरी कर्ज राहतंच, वर हप्ता बाउन्स झाल्याचा दंड आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब.

लंडनचे सर एकदाही आले नाहीत. आम्हाला शिकवायला भोपाळची एक मुलगी होती, आणि ती उत्तम शिकवायची. आपण हिंदी-मराठीत विचार करून बोलतो तेव्हा वाक्य कुठे अडतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण तीही इंग्रजी शिकूनच बोलायला लागली होती. तिच्यासारख्यांचं नाव जाहिरातीत कधीच नसतं. गोरा चेहरा दाखवून पैसे गोळा करायचे आणि काम हिच्याकडून करून घ्यायचं, याचा मला माझ्या पैशांइतकाच राग आहे. तिचाही पगार थकला, ती सोडून गेली, आणि क्लासच्या नावाखाली जुने व्हिडिओ सुरू झाले. पुढे एक मैत्रीण त्याच डेमोला बसली तेव्हा मी तिच्या शेजारी होते. त्याच ठिकाणी फोन वाजला, तेच ‘सॉरी’. तो ‘लाइव्ह’ डेमो रेकॉर्ड केलेला होता.

पैसे परत मागितले तर आधी ‘प्रोसेसमध्ये आहे’, मग फोन बंद. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि काउन्सेलरचे मेसेज जोडून फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यांचा मदत क्रमांक १४४४८. क्लासविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. दोन्हीचा निकाल अजून यायचा आहे.

इंग्रजी शिकायला मोठी रक्कम आधी भरावी लागतेच असं नाही. बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवर भरपूर साहित्य फुकट आहे. टँडेम, हॅलोटॉकसारख्या ॲपवर एकमेकांची भाषा शिकवणारी माणसं भेटतात. तिथे मात्र कुणी ‘तुमच्यासाठी पार्सल पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे भरा’ म्हणालं तर तिथेच थांबा. असे पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आम्ही काही जणी आता भोपाळच्या त्याच मुलीकडे शिकतो आणि महिना संपला की तिला फी देतो.

ज्यांनी कालपरवाच असा ‘फॉर्म’ भरला असेल, त्यांनी आजच मेसेज आणि ईमेल उघडून कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव शोधावं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांपासून डिजिटल कर्जाला सुरुवातीची ‘कूलिंग-ऑफ’ मुदत असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किती दिवसांची ते ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदात, लिहिलेलं असतं. पैसे क्लासकडे गेलेले असतात, म्हणून प्रवेश आणि कर्ज दोन्ही रद्द करण्याचा एकच ईमेल दोघांनाही पाठवा. फोनवर बोलत बसू नका, ती मुदत फार थोडी असते.