शब्दकोडं की भजनी मंडळ?

सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचा मेंदू तल्लख राहावा म्हणून घरोघरी शब्दकोडी, सुडोकूची पुस्तकं आणली जातात. कोडं वाईट नाही. स्वस्त आहे, पाऊस असो वा गुडघेदुखी, घरबसल्या सोडवता येतं. पण रोज कोडी सोडवणारा माणूस मुख्यतः कोड्यांतच तरबेज होतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ जणांवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले, त्यांतही असंच दिसलं: स्मरणशक्तीचा सराव केलेल्यांची स्मरणशक्ती सुधारली, तर्काचा सराव करणाऱ्यांचा तर्क, एकाचा फायदा दुसऱ्याला फारसा झाला नाही.

भजनी मंडळात मात्र एकाच तासात किती गोष्टी घडतात! नवा अभंग पाठ करायचा, टाळाचा ठेका धरायचा, पुढचीने सोडलेली ओळ झेलायची, चाल बदलली की सावरायचं. त्याआधी तयार होऊन देवळापर्यंत चालत जायचं. नंतरच्या गप्पा वेगळ्याच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात, स्मृतिभ्रंशाच्या ज्या १४ जोखमींवर उपाय करता येतो त्यांत लोकांपासून तुटणं आहे, कमी ऐकू येणंही आहे. म्हणून माझा कौल मंडळाला. पण तेच अभंग वर्षानुवर्षं म्हटले तर मेंदूला नवं काही मिळत नाही; आणि आजी ऐकू येत नाही म्हणून मागे बसू लागल्या असतील, तर आधी कान तपासून घ्या. भजनात रस नसेल तर ज्येष्ठ नागरिक संघातला पत्त्यांचा डावही चालेल, समोर माणसं हवीत. घराबाहेर पडणंच शक्य नसेल तर कोडं जरूर द्या, पण शेजारी बसून, मोठ्याने वाचत, दोघांनी मिळून सोडवा.