यूएफडब्ल्यू: एका सर्व्हरसाठी उत्तम, मात्र डॉकर असल्यास सावध राहा

उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या एखाददुसऱ्या सर्व्हरवर वेब ॲप्लिकेशन चालवायचे असेल, तर फायरवॉलसाठी, म्हणजे नेटवर्कची वाहतूक अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेसाठी, मी यूएफडब्ल्यूचीच (अनकॉम्प्लिकेटेड फायरवॉल) शिफारस करतो. २००८ साली उबुंटूच्या ८.०४ आवृत्तीबरोबर आलेले हे मोफत साधन स्वतः पॅकेट (नेटवर्कवरून येणारे माहितीचे तुकडे) अडवत नाही. ते काम लिनक्स कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) नेटफिल्टर करतो आणि त्याला लागणारे आयपीटेबल्स या साधनाचे किचकट नियम यूएफडब्ल्यू आपल्यासाठी रचून देते. यूएफडब्ल्यूचा आदेश वाचताच कळतो आणि प्रत्येक नियमाला कॉमेंट जोडता येते. पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) कोणासाठी उघडले, हे तिथेच लिहिलेले असल्यामुळे वर्षभराने सर्व्हर हाती घेणाऱ्या माणसालाही कोणता नियम काढला तर चालेल, हे ठरवता येते. माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

मूळ धोरणही योग्य आहे: बाहेरून येणारी जोडणी बंद आणि आतून बाहेर जाणारी मोकळी. त्यावर वेबची ८० आणि ४४३ ही पोर्ट सर्वांसाठी, दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या एसएसएचचे २२ फक्त कार्यालयाच्या आयपी पत्त्यासाठी आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ फक्त ॲप्लिकेशनच्या सर्व्हरसाठी उघडले, की बहुतेक मांडण्यांचे काम होते. कार्यालयाचा पत्ता स्थिर नसेल, तर २२ साठी 'लिमिट' वापरावे. ३० सेकंदांत ६ किंवा अधिक वेळा जोडणीचा प्रयत्न करणाऱ्या पत्त्याला ते नाकारते. इन्स्टॉल केल्यावर फायरवॉल आपोआप सुरू होत नाही, हेही बरेच आहे, कारण एसएसएचला परवानगी न देता ती सुरू केली, तर पुढच्या वेळी सर्व्हरमध्ये शिरताच येत नाही.

नियमांचा क्रम मात्र नीट समजून घ्यावा लागतो. जुळणारा पहिला नियम लागू होतो, त्यामुळे सर्वांना ४४३ खुले केल्यानंतर एखाद्या त्रासदायक पत्त्याला अडवणारा नियम शेवटी जोडला, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही; तो 'इन्सर्ट' वापरून वरच घालावा लागतो. क्रमांकाने नियम काढताना उरलेल्यांचे क्रमांक लगेच बदलतात, म्हणून खालून वर काढत जावे.

माझी खरी तक्रार डॉकरच्या, म्हणजे ॲप्लिकेशन 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या, बाबतीत आहे. कंटेनरचे पोर्ट प्रकाशित केले, म्हणजे बाहेरून वापरता येईल असे केले, की डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो. येणाऱ्या पॅकेटचा पत्ता आधीच बदलला जातो आणि ते इनपुट साखळीकडे (सर्व्हरसाठीच आलेल्या वाहतुकीच्या नियमांच्या यादीकडे) न जाता फॉरवर्ड साखळीतून (पुढे पाठवायच्या वाहतुकीच्या यादीतून) कंटेनरकडे जाते, तर यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम इनपुट साखळीवर असतात. परिणामी, स्टेटसमध्ये ५४३२ बंद दिसत असतानाही डेटाबेस साऱ्या जगाला खुला असू शकतो. डॉकरचे अधिकृत दस्तऐवज ही विसंगती मान्य करतात, पण यूएफडब्ल्यूच्या स्टेटसमध्ये तिचा मागमूसही नसतो, आणि सुरक्षेच्या साधनाच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते. उपाय सोपा आहे: कंटेनरचे पोर्ट १२७.०.०.१ या त्याच यंत्रापुरत्या पत्त्यालाच बांधावे आणि बाहेरची वाहतूक एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडून आत घ्यावी. ते शक्य नसेल, तर 'डॉकर-यूजर' या साखळीत नियम लिहावेत. दोन्ही बाबतीत दुसऱ्या यंत्रावरून उघडी पोर्ट शोधणारे एनमॅप चालवून खात्री करावी. सर्व्हरच्या आतून केलेली तपासणी इथे कामाची नाही.

सर्व्हर एडब्ल्यूएससारख्या क्लाउडवर असेल, तर तिथला सिक्युरिटी ग्रुपही (क्लाउडची स्वतःची फायरवॉल) चालू ठेवावा. तो यंत्राच्या बाहेर असल्यामुळे डॉकरने आत केलेले बदल त्याला ओलांडू शकत नाहीत. सर्व्हरची संख्या वाढली, की यूएफडब्ल्यूची मर्यादा जाणवते, कारण सर्व यंत्रांचे नियम एका जागी ठेवण्याची सोय त्यात नाही. अशा वेळी अनेक सर्व्हरची मांडणी एका जागेवरून करणाऱ्या अन्सिबलचे यूएफडब्ल्यू मॉड्यूल घ्यावे आणि नियमांची फाइल ॲप्लिकेशनच्या कोडबरोबर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावी, म्हणजे पोर्ट उघडण्याचा प्रत्येक बदल सर्व्हरवर जाण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाईल.