पाचगणीजवळचं पेंटबॉल : मास्क बेकार, पण हवेचं काम एक नंबर

वाईवरून पसरणी घाट चढून गेलं की पाचगणीच्या अलीकडं जे पेंटबॉल ग्राउंड लागतं तिथं गेलतो, नेट फाटकी, पार्किंग म्हणजे नुसता मुरूम, तरी चार स्टार देतोय ते तिथल्या हवेच्या टाक्या बघणाऱ्या पोरामुळं. प्रत्येक मार्कर (रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक) क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, मारून बघतो, 280 फूट प्रति सेकंदच्या आसपास ठेवतो, 300 च्या वर गेला तर हातातच देत नाही.

आमच्यातला एक शहाणा लागला की टाकीचं प्रेशर वाढव, लांब जाईल. पोरगं शांतपणे म्हणलं, दादा टाकीत 3000 पीएसआय भरलंय, तिचा रेग्युलेटर ते 800-850 वर आणून मार्करला देतो, वेग पाहिजे तर मार्करवरचा स्क्रू फिरवायचा, टाकीला हात लावायचा नाही. तिचं आउटपुट बदलायचं तर आधी सगळी हवा सोडून रेग्युलेटर खोलायचा आणि आतल्या स्प्रिंगच्या चकत्या कमी-जास्त करायच्या, ते गिऱ्हाईकाचं काम नव्हं. खरंय राव, भरल्या टाकीशी कसला खेळ!

एका मार्करचा थांबून मारलेला पहिला शॉट जोरात अन पुढचे नॉर्मल येत होते. रेग्युलेटर क्रीप करतोय, म्हणजे थांबलं की प्रेशर हळूहळू वर सरकतंय, असं पोरगं म्हणलं आणि मार्कर सरळ बाजूला ठेवला, दुसऱ्या कुणी तसाच चालवला असता.

मास्कवर मात्र लई वाफ धरती, काहीच दिसत नाही, बदला की ते. गोळ्यांचे पैसे वेगळे आहेत, आधी विचारून घ्या.