मिलिटरी स्टाइल 45 लिटर बॅग : नऊ महिने सह्याद्रीत वापरून झाल्यावर

मे महिन्यात घेतली होती, आता फेब्रुवारी संपत आला. मधे हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा, कळसूबाई, सांधण झालं आणि एकदा भंडारदऱ्याला नुसताच तंबू टाकून राहिलो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

घेतानाचं आधी सांगतो. दुकानात रिकामी बॅग पाठीला लावून काहीच कळत नाही. मी घरून पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या नेल्या होत्या, दुकानदार काका जरा बघत राहिले पण मग त्यांनीच वर दोन पाण्याच्या बाटल्या टाकून दिल्या आणि मी त्यांच्या बिल्डिंगचा जिना तीन वेळा चढलो-उतरलो, तेव्हा दोन बॅगा तिथल्या तिथेच बाद झाल्या, एकीचा पट्टा काखेत कापत होता आणि दुसरी चालताना डावी-उजवीकडे हलत होती. रंग साधा ऑलिव्ह घेतला, कॅमोफ्लाज मुद्दाम टाळला. 2022 च्या आर्मी डेला लष्कराचा नवीन डिजिटल नक्षीचा गणवेश आला आणि त्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवून घेतलेत, तरी तसलाच माल बाजारात दिसतो, तो घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण ऑलिव्हचाही एक तोटा आहे, धुक्यात आणि कारवीत माणूस दहा पावलांवर दिसत नाही. म्हणून रेन कव्हर भडक केशरी घेतलं.

कापड मात्र खरंच दणकट आहे. 1000 डेनियर नायलॉन, म्हणजे 9000 मीटर धागा 1000 ग्रॅम भरतो, इतका जाड. करवंदीच्या जाळीतून ओढली, कातळावर घासत खाली सोडली, एक भोक नाही. तेवढ्याच डेनियरचं पॉलिस्टर स्वस्त मिळतं पण घासण्यात ते नायलॉनची बरोबरी करत नाही.

पावसाचं वेगळं. जुलैत खिरेश्वरहून तोलारखिंडीने हरिश्चंद्रगड केला, दिवसभर पाऊस थांबला नाही. घरी येऊन रिकामी करून वजनकाट्याला अडकवली तर कोरडी 1.9 किलो भरणारी बॅग 2.7 दाखवत होती!! आठशे ग्रॅम नुसतं पाणी. कापडाला आतून कोटिंग असतं त्यामुळे कापडातून पाणी येत नाही, पण पाठीचा फोम, खांद्याचे पट्टे आणि बाहेरून शिवलेल्या त्या सगळ्या मॉलीच्या पट्ट्या (जादा पाऊच अडकवायला असतात त्या) पाणी पितात, आणि आत पाणी येतं ते शिवणीतून आणि चेनमधून. रेन कव्हरने पाठीकडची बाजू झाकली जात नाही, मानेवरून ओघळलेलं पाणी सरळ तिथेच जातं. तेव्हापासून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतो आणि सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून रबर. पावसाळ्यात ओली बॅग कपाटात ठेवायची नाही हेही लक्षात असू द्या, आतलं कोटिंग चिकट होतं आणि मग पापुद्रे सुटायला लागतात. माझ्या मित्राची जुनी बॅग अशीच गेली.

आता पाठीबद्दल, कारण खरी अडचण इथे आहे. या बॅगा सैनिकाच्या गरजेतून आल्यात, त्याच्या कमरेला आधीच सामानाचा पट्टा असतो, त्यामुळे बॅग आखूड आणि उंच बसणारी करतात आणि कमरपट्टा बारीकच देतात. आपल्याला ट्रेकला नेमकं उलट पाहिजे, वजन कमरेवर. मान खाली घातली की जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत माझी पाठ 48 सेंटीमीटर आहे, बॅगची 43. आठ किलोपर्यंत काही जाणवत नाही, पण बारा किलो झालं की दोन तासांत खांदे भरून येतात आणि कमरपट्टा पोटावर बसतो, हाडावर नाही.

डिसेंबरात राजगड-तोरणा केला. आदल्या रात्री गुंजवण्यात तंबू टाकला होता आणि उतरायचं वेल्ह्याला, म्हणून सगळं सामान पाठीवर. मॉलीला दोन्ही बाजूंना एकेक पाऊच आणि मागे कॅराबिनरला, म्हणजे स्प्रिंगच्या कडीला, पाणी प्यायचा मग लटकवलेला. राजगडाच्या चोरदरवाजाच्या खालच्या टप्प्यात तो मग रेलिंगच्या सळईत अडकला आणि मी पुढे, बॅग मागे, पाय क्षणभर हवेत. मागच्या दादांनी खालून बॅगला हात दिला. वर त्या बुटक्या दारात बाजूच्या पाऊचमुळे बॅग आत जाईना, मग काढून आधी बॅग ढकलली आणि मग मी वाकून गेलो, मागे लोक खोळंबलेले. तळ्यापाशी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पाऊच काढून आत टाकले. तेव्हापासून बाहेर काहीही लटकवत नाही. मॉली सपाट जागी, तंबूजवळ, खरंच उपयोगी आहे, टॉर्च-चाकू हाताशी राहतं, पण कड्याच्या वाटेवर नाही म्हणजे नाही.

त्याच ट्रेकला तोरण्याच्या बुधला माचीकडे शिडी चढताना उजवा पट्टा खाली जिथे बॅगला शिवलेला असतो तिथली शिवण उसवायला लागली. कापड 1000 डेनियर आणि तिथे एकेरी टीप! कंपनीला फोटो पाठवले, दोन आठवडे उत्तर नाही. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे नेली, त्यांनी आत चामड्याचा तुकडा देऊन जाड नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली, दुसऱ्या बाजूलाही मारून दिली, साठ रुपये. त्यानंतर सांधणला गेलो, तिथे कमरेएवढ्या पाण्यातून बॅग डोक्यावर धरून नेली, दिवसभर उचल-आपट झाली, दोन्ही पट्टे जागच्या जागी. घेतानाच ही शिवण बघा, बाकी खिसे-बिसे नंतर.

हिवाळ्यात एका रात्रीच्या कॅम्पिंगला आठ-नऊ किलो घेऊन मी हीच नेणार. पावसाळ्यासाठी आणि दोन-तीन दिवसांच्या ट्रेकसाठी आता लांब पाठीची, रुंद कमरपट्ट्याची ट्रेकिंग बॅग बघतोय, तांदळाच्या पिशव्या काढून ठेवल्यात.