सांध्यांसाठी घ्यावा असा संच: ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’चे 45 भाग

मेलेल्या पोपटाचे प्रहसन पाहिलेले नाही असा ब्रिटिश विनोदाचा चाहता शोधून सापडणार नाही. पण तो पोपट ज्या भागात येतो तो संपूर्ण भाग सलग पाहिलेले लोक मला आजवर फार थोडे भेटले आहेत. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या बीबीसीच्या जुन्या प्रहसन-कार्यक्रमाच्या चारही मालिकांचे सर्व 45 भाग असलेला, चित्र नव्याने साफ केलेला ब्लू-रे संच मी गेल्या दोन महिन्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने पाहिला. सुटी प्रहसने पाहून आपण ज्याला हा कार्यक्रम समजतो तो त्याचा निम्माच ऐवज आहे, असे आता माझे मत झाले आहे. उरलेला निम्मा दोन प्रहसनांच्या सांध्यांत दडलेला आहे, आणि हा संच घ्यायचा तो त्यासाठीच.

पोपटाचाच भाग घेऊ. तो पहिल्या मालिकेतील आठवा, 7 डिसेंबर 1969 रोजी बीबीसीवर दाखवलेला. त्याच्या सुरुवातीला ग्रॅहम चॅपमनने केलेला एक कर्नल आपल्या टेबलाशी बसलेला दिसतो. सैन्यात जिवाला धोका असतो हे नुकतेच लक्षात आल्याने नोकरी सोडू पाहणारा एक जवान त्याच्यासमोर येतो, पाठोपाठ दोन गुंड थेट लष्कराकडेच खंडणी मागायला येतात, आणि कर्नल वैतागून प्रहसनच बंद पाडतो: हे सगळे वेडगळ आहे, लिहिलेले वाईट आहे, आणि इथला वरिष्ठ अधिकारी असूनही आपल्या वाट्याला अद्याप एकही विनोदी वाक्य आलेले नाही, ही त्याची तक्रार. पुढे पोपटाच्या प्रहसनात गिऱ्हाईक विकत घेतलेला पोपट मेलेला असल्याची तक्रार घेऊन येते, दुकानदार ते कबूल करत नाही आणि शेवटी त्याला बोल्टनला आपल्या भावाच्या दुकानात पाठवतो, तिथे तेच दुकान आणि तोच माणूस खोट्या मिशा लावून उभा असतो, गाव कोणते यावरून वाद रंगतो, आणि अखेर गिऱ्हाईकच म्हणते की हे फार वेडगळ होत चालले आहे. त्या शब्दासरशी कर्नल पुन्हा अवतरतो आणि दुजोरा देऊन प्रहसन थांबवतो. सुटा तुकडा पाहणाऱ्याला वाटते की लेखकांना शेवट सुचला नाही. सलग पाहणाऱ्याला कळते की शेवट वीसेक मिनिटे आधीच लिहून ठेवलेला होता, फक्त तो दुसऱ्याच प्रहसनात होता.

हे असे का केले गेले, याचे उत्तर कार्यक्रमाच्या घडणीत सापडते. तो लिहिणारी आणि त्यात काम करणारी ही सहा जणांची पायथन मंडळी: जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन आणि एरिक आयडल हे केंब्रिजचे, मायकेल पेलिन आणि टेरी जोन्स हे ऑक्सफर्डचे, आणि टेरी गिलियम हा अमेरिकेतून आलेला चित्रकार. पहिले पाचही जण दूरचित्रवाणीसाठी इतरांच्या कार्यक्रमांना विनोद लिहून तयार झालेले होते, आणि त्या नोकरीचा नियम ठरलेला असे: प्रसंग कितीही चांगला असो, शेवटी टाळी घेणारे एक वाक्य हवेच. चांगल्या प्रहसनाचा शेवट बहुधा त्याच्या मधल्या भागाहून कमकुवत असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते. 1969 च्या सुरुवातीला विनोदकार स्पाइक मिलिगन यांनी आपल्या ‘क्यू फाइव्ह’ या कार्यक्रमात हा नियम धुडकावून प्रसंग अर्ध्यावर सोडून द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या मनातले कुणीतरी आधीच करून टाकले याचे त्यांना एकाच वेळी वाईटही वाटले आणि बळही आले. त्याच कार्यक्रमाचे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांना मग त्यांनी आपल्याकडे आणले. सुरुवातीच्या काही भागांचे स्टुडिओतील दिग्दर्शन तेवढे जॉन हॉवर्ड डेव्हिस यांनी केले. कार्यक्रम नेमका कसा असेल हे बीबीसीतील विनोदी कार्यक्रमांचे प्रमुख मायकेल मिल्स यांना या मंडळींना धड सांगताही आले नव्हते, तरी त्यांनी 13 भाग देऊन टाकले. आज कोणत्याही वाहिनीत असे घडेल यावर माझा विश्वास नाही.

लेखनाची पद्धतही या सांध्यांना पोषक होती. क्लीज आणि चॅपमन जोडीने लिहीत, पेलिन आणि जोन्स जोडीने, आयडल एकट्याने. मग सगळे एकत्र जमून आपापले लिखाण मोठ्याने वाचत, आणि ज्यावर इतरांना हसू येईल ते ठेवले जाई. कोणती भूमिका कोणी करायची याची चर्चा त्यानंतर. म्हणजे हे नट नंतर आणि लेखक आधी होते. संच क्रमाने पाहताना साताठ भागांतच कोणते पान कोणाच्या हातचे आहे हे ओळखू येऊ लागते: दोन माणसे समोरासमोर उभी राहून शब्दकोश रिकामा होईपर्यंत भांडत असतील तर ते क्लीज-चॅपमन, आणि कॅमेरा एखाद्या माळरानावरून संथपणे सरकू लागला तर पेलिन-जोन्स. पोपटाच्या प्रहसनाचे मूळ पेलिन यांना भेटलेल्या, गाडीतला कोणताही दोष कबूल न करणाऱ्या एका मेकॅनिकमध्ये आहे. 1968 मध्ये ते मोटार विकणाऱ्याचे प्रहसन म्हणून एकदा सादरही झाले होते, आणि नंतर त्यात पोपट आणण्याची कल्पना चॅपमन यांची. (मेल्याची वार्ता सांगणाऱ्या समानार्थी शब्दांचा जो भडिमार क्लीज करतात तो ऐकताना वाटत राहते की वारला, खपला, गचकला, कैलासवासी झाला, देवाज्ञा झाली असा साठा हाताशी असलेल्या आपल्या भाषेत हे प्रहसन याहून लांबले असते.)

सांधे जुळवणारा खरा कारागीर मात्र गिलियम. जुनी छायाचित्रे, व्हिक्टोरियन कोरीव चित्रे आणि अभिजात चित्रांचे तुकडे कात्रीने कापून ते कॅमेऱ्याखाली सरकवायचे, ही त्याची पद्धत वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असल्यामुळे आलेली आहे. शीर्षकाच्या शेवटी सगळे चिरडून टाकणारा तो प्रसिद्ध पाय लंडनच्या नॅशनल गॅलरीतील इटालियन चित्रकार ब्रॉन्झिनोच्या चित्रामधील क्युपिड या प्रेमदेवतेचा. नव्या प्रतीत या तुकड्यांच्या कापलेल्या कडा आणि हाताने मारलेल्या रंगाचे फवारे इतके स्पष्ट दिसतात की मी दोनदा चित्र थांबवून पडद्याजवळ गेलो. जुन्या डीव्हीडीत हे सगळे एकजीव आणि गढूळ दिसत असे. इथे कागद कागदासारखा दिसतो.

चित्र साफ करणाऱ्यांचे खरे कौतुक याहून वेगळ्या गोष्टीसाठी करायला हवे. त्या काळी बीबीसीत स्टुडिओतील दृश्ये व्हिडिओ टेपवर आणि बाहेरची दृश्ये 16 मिलिमीटर फिल्मवर घेतली जात. एक सपाट आणि उजळ, दुसरे दाणेदार आणि किंचित मळकट. दाराबाहेर पाऊल टाकले की चित्राचा पोतच बदलतो. दुसऱ्या मालिकेत वस्तूंवर वस्तू ठेवणाऱ्या एका मंडळाची सभा भरते, त्या प्रहसनात पात्रांना हाच फरक जाणवतो: एक जण बाहेर जातो, आपण फिल्मवर आहोत हे पाहून घाबरून आत पळतो, आणि इमारतीला सगळीकडून फिल्मने वेढले आहे अशी बातमी आणतो. हल्लीच्या यंत्रांना हा फरक पुसून सगळे एकसारखे गुळगुळीत करणे सहज शक्य होते, आणि तसे केले असते तर या विनोदाचा जीव गेला असता. सुदैवाने दोन्ही पोत आपापल्या जागी राखलेले आहेत, आणि चित्र मूळ चौकोनी आकारातच ठेवलेले आहे.

माझी मोठी तक्रार मेनूबद्दल आहे. माझ्याकडील संचात प्रत्येक भागाखाली प्रहसनांची यादी दिली आहे. त्यातील एक निवडले की तेवढेच चालते आणि संपताच आपण पुन्हा यादीवर येतो. ज्यांनी प्रहसनाचा शेवटच नाकारला त्यांच्या कामावर कुणीतरी बसून कुठे काय संपते याच्या रेघा मारल्या आहेत. उपशीर्षकेही वेगवान संवादांत शब्द गाळतात, आणि जिथे शब्दांचा ढीग हाच विनोद आहे तिथे हे फार जाचते. सोबतच्या मुलाखती बऱ्या आहेत, त्याहून अधिक नाहीत.

कापाकापी या कार्यक्रमाला किती बाधते याचा न्यायालयीन दाखलाही आहे. 1975 मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीने चौथ्या मालिकेचे तीन भाग जोडून दाखवले, आणि 90 मिनिटांतील 24 मिनिटे गाळली. पायथन मंडळी न्यायालयात गेली, आणि 1976 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तो दावा का लढवावासा वाटला असेल हे सर्व भाग सलग पाहिल्यावर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

सगळेच उत्तम आहे असे नाही. परदेशी माणसांची सोंगे आज पाहवत नाहीत. तरुण स्त्रीची भूमिका असली की कॅरल क्लीव्हलंड या नटीला बोलवायचे आणि तिला चारच वाक्ये द्यायची, ही सवय शेवटपर्यंत सुटलेली नाही. बाकी बायका हे पुरुष स्वतःच किंचाळत रंगवतात, आणि त्या मात्र कमालीच्या विनोदी आहेत. तिसऱ्या मालिकेनंतर क्लीज बाहेर पडले, 1974 च्या चौथ्या मालिकेत सहाच भाग झाले आणि नावातून ‘फ्लाइंग सर्कस’ही गेली. त्या सहा भागांत पात्रे आहेत, कल्पना आहेत, पण सांधे खिळखिळे आहेत: प्रसंग एकमेकांत मिसळतात, एकमेकांवर आदळत नाहीत. समोरासमोर उभा राहून भांडणारा माणूस निघून गेल्याची ती पोकळी आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या भागाने बिचकू नये. तो अजून चाचपडणारा आहे. आठव्यापासून सुरू करावे, मेनूतील यादीकडे दुर्लक्ष करून संपूर्ण भाग लावावा, आणि कर्नल पहिल्यांदा आल्यावर त्याचा चेहरा नीट लक्षात ठेवावा.